बोकडावर बसलेला माणूस

यंदा धूर परत आला. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर समोरचा ब्लॉक होता, पण त्याच्या मागचा नव्हता. एरवी त्याच्याही पलीकडे पाण्याची करडी रेघ आणि त्या रेघेवर मलेशियातल्या जोहोरच्या इमारती दिसतात. तिथे आज काहीच नव्हतं. वास मात्र ओळखीचा. ओला पाला जाळायला घ्यावा आणि तो धड पेटूही नये, विझूही नये, तसा. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं जळतात, दलदली आतल्या आत धुमसतात, वारा फिरतो आणि ते सगळं आमच्या अंगावर येतं. इथे सिंगापुरात त्याला हेझ म्हणतात. माझ्या नवऱ्याने, निखिलने, फोनवर हवेचा आकडा पाहिला, कपाटातून मास्क काढला आणि कामाला चांगी बिझनेस पार्कच्या वाटेला लागला. या दिवसांत आम्ही दोघंही कमी बोलतो.

या बेटाला ऋतू नाहीत. कॅलेंडरचं पान उलटतं, झाडांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून इथे ऋतू बाहेरून आणावे लागतात. डिसेंबरात मॉलमध्ये साबणाच्या फेसाचं बर्फ पडतं. सप्टेंबर सरता सरता निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्यांच्या पताका लागतात, लाकडी पिंपं येतात, दारात पुठ्ठ्याचा एक लठ्ठ, लालबुंद माणूस उभा राहतो आणि जर्मन बियरचा मोसम सुरू होतो. धूर आणि पताका साधारण एकाच सुमाराला येतात. दोन हजार पंधरा साली दोन्ही आली, तेव्हापासून मला ती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

मी पुण्याची, कमर्शियल आर्ट शिकलेली. निखिलच्या मागोमाग इथे आले आणि हॉटेलांच्या भिंती सजवणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागले. त्या वर्षी नदीकाठच्या एका नव्या बियर हॉलचं काम आलं. मालक चिनी, पन्नाशीचा, घाईत असलेला. त्याला भिंतभर जुन्या जर्मन जाहिराती हव्या होत्या. खऱ्या जुन्या जाहिराती आकाराने लहान, किमतीने मोठ्या आणि कडांना फाटलेल्या असतात म्हटल्यावर तो म्हणाला, "ओल्ड लुक. बट नॉट ओल्ड. कॅन?"

कॅन, जमेल, म्हणाले मी. आणि कितीतरी आठवडे त्या जुन्या चित्रांत जाऊन बसले.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ती चित्रं. दगडावरून छापलेली, मधाचा पिवळा, विटेचा लाल, बाटलीचा हिरवा. अक्षरं अशी टोकदार की वाचण्याआधी बोचावीत. त्या मुलखात प्रत्येक बियरला आपापला मोसम असे. उन्हाळ्यात ती नासायची, म्हणून मार्चमध्येच जरा कडक गाळायची, डोंगराच्या पोटातल्या तळघरात बर्फाच्या लाद्यांशेजारी ठेवायची, जमीन थंड राहावी म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची आणि पानं पिकायला लागली की पिंपं फोडायची. आपल्याकडे लोणचं मुरवतात, तेवढ्या सबुरीने. पण जाहिरातीत ती सबुरी कुठेच नसते. तिथे सदा पिंप फोडण्याचाच दिवस. सगळ्यांचे गाल गुलाबी, फेस कायम ग्लासाच्या काठाच्या वर, गाडीचा घोडासुद्धा हसतोय. चित्राच्या कोपऱ्यात साल छापलेलं दिसलं की मला त्या तरण्या पोरांची वयं मोजायचा नाद लागे. पहिल्या महायुद्धाच्या अगदी अलीकडची असत बरीचशी चित्रं. ग्लास उंचावून हसणारी ती पोरं आणखी एक-दोन मोसमांनी खंदकात असणार होती, आणि चित्रकाराला ते ठाऊक नव्हतं.

वसंतातल्या बियरच्या जाहिरातींवर बोकड असे. बॉक नावाची ती बियर. जर्मनमध्ये बॉक म्हणजे बोकडच. डोक्याला फुलांची माळ घातलेला बोकड, पिंपावर पाय देऊन उभा राहिलेला बोकड, पाठीवर गलेलठ्ठ माणूस घेऊन उधळलेला बोकड. आमच्या मालकाने बोट ठेवलं ते या शेवटच्यावर. हा वसंतातला आहे, आपला मोसम शरदातला, असं मी म्हणून पाहिलं. "सिंगापोर नो स्प्रिंग, नो ऑटम," तो म्हणाला. "गोट इज फनी." बोकड ठरला. अडलं ते बोकडावरच्या माणसाशी. फोटोतले मॉडेल दातांनी हसतात. ती जुनी माणसं गालांनी हसायची. तसं हसणारं माणूस मला सापडेना.

सापडलं ते आमच्याच ब्लॉकमध्ये, तीन मजले खाली.

सुधीर मेश्राम नागपूरचे. जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर होते. पहाटे कंपनीची बस न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. त्यांची बायको प्रज्ञा माझी इथली पहिली आणि खरं तर एकुलती मैत्रीण. नागपूरला ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ते सोडून आलेली. मुलगी मैत्री पहिलीत होती, घरातल्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची. रविवारी आम्ही त्यांच्याकडे तर्री-पोहे खायला जायचो. तिखटाने निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं की सुधीरभाऊ हसायचे. आधी गाल वर जायचे, मग डोळे मिटायचे, आवाज सगळ्यांत शेवटी यायचा.

अशाच एका रविवारी मी त्यांना त्या जाहिरातींच्या गोष्टी सांगत होते. उपवासाच्या दिवसांत तिकडचे मठवासी अन्न सोडायचे आणि दाट, कडक बियर पिऊन राहायचे, म्हणून काही जाहिरातींवर ढेरपोटे साधू असतात, वगैरे.

"घ्या," सुधीरभाऊ म्हणाले. "तुम्हा लोकांना उपासाला साबुदाणा चालतो, त्यांना बियर चालते. आम्हीच कायले मागं राहिलो?"

आणि ते हसले. मी हातातला चमचा खाली ठेवला. "सुधीरभाऊ, मला तुमचा चेहरा द्याल?"

खरं तर त्या घरात बियर या शब्दालासुद्धा जागा नव्हती. सुधीरभाऊंनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. ते बौद्ध, पंचशील घरात पाळलेलं. पण तेवढंच नव्हतं. त्यांच्या वडिलांनी नागपूरच्या आपल्या वस्तीत दारूविरुद्ध उभी हयात घातली होती. कारखान्यातली पाळी संपवून घरोघर जायचं, पिणाऱ्यांना उठवायचं, बायकांना घेऊन गुत्त्यासमोर बसायचं. त्यांच्या पायी दोन गुत्ते उठले होते आणि एकदा त्यांचं डोकंही फुटलं होतं. हे सगळं सुधीरभाऊंनीच मला सांगितलेलं. म्हणून मी विचारलं, "बाबांना चालेल का?"

"बाबा कायले इथं बियर हॉलमध्ये येऊन राहिले?" म्हणत ते उठलेच. बियरचा मग घरात कुठून असणार? त्यांनी बाथरूममधला लाल प्लॅस्टिकचा मग आणला, सोफ्याच्या हातावर टांग टाकून बसले, मग उंच धरला. प्रज्ञा हसून हसून खाली बसली. मैत्री म्हणाली, "Papa, that one for bathing lah!" मी फोटो काढले. चित्र पुरं झाल्यावर त्यांनी ते फोनवर दहादा मोठं करून पाहिलं. ते बोकडावर स्वार झालेले, हिरवी टोपी, तिला पीस, हातात फेसाळता मग, गाल माझ्या कित्येक आठवड्यांच्या शोधाचं सार्थक झाल्यासारखे. "बरा आहे बोकड," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा शहाणा दिसतो."

मग धूर आला. आधी दोन दिवस सूर्य संत्र्यासारखा दिसला आणि लोकांनी त्याचे फोटो काढले. नंतर सूर्यही दिसेना. शाळा बंद झाल्या. दुकानांतले मास्क संपले, परत आले. फूड कोर्टात पंखे चालू आणि खुर्च्या रिकाम्या. घरात दारं-खिडक्या लावून माणसं बसून राहिली, तरी उशीला वास यायचाच. जुरोंग आयलंडच्या बसा चालूच होत्या. तिथली कामं धुरासाठी थांबत नाहीत.

त्या संध्याकाळी बस जुरोंग आयलंडचा पूल ओलांडून नेहमीसारखी आमच्या वुडलँड्सला आली. उतरणारे उतरले. सुधीरभाऊ खिडकीशी डोकं टेकून बसले होते, तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. दमून झोपलेत असं सगळ्यांना वाटलं. शेजारी बसलेला सहकारी खांद्याला हात लावून, "मेश्राम, स्टॉप आ गया," म्हणाला आणि स्वतः उतरून गेला. ड्रायव्हरने गाडी रिकामी झाली का म्हणून मागे पाहिलं, तेव्हा ते तसेच होते. त्याने हाक मारली, जवळ आला, मास्क खाली ओढला.

हॉस्पिटलने हृदय म्हणून सांगितलं. धुराचा त्यात किती वाटा, ते कुणी सांगितलं नाही. सांगता येण्यासारखंही नसावं. वाटेत ते नेमके कुठे गेले, हेही कुणाला कळलं नाही. प्रज्ञा पुढे पुष्कळ दिवस एवढंच विचारायची, "पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" सगळ्यांनी मास्क लावलेले. कुणी कुणाचा चेहरा पाहत नव्हतं त्या दिवसांत.

त्यांना नागपूरला नेलं. प्रज्ञा आणि मैत्री त्याच विमानात होत्या. त्याच आठवड्यात नदीकाठचा बियर हॉल उघडला. मी गेले नाही. ऑफिसातल्या मुलीने फोटो पाठवला. दारासमोरची भिंत जमिनीपासून छतापर्यंत सुधीरभाऊंनी भरलेली आणि खाली लोक, मास्क काढून, ग्लास उंच करून, त्यांच्यासारखं हसायचा प्रयत्न करत असलेले.

तसाच एक फोटो नागपूरला पोचला. सुधीरभाऊंचा एक वर्गमित्र कामानिमित्त सिंगापुरात आला होता. त्याने ते चित्र पाहिलं, ओळखलं, डोळे भरून आले असतील त्याचे, आणि त्याने फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, 'आपला सुध्या, कायम हसरा' असं काहीसं लिहून. त्या ग्रुपमधून तो दुसऱ्यात गेला, तिथून तिसऱ्यात. वाटेत वरचा मजकूर गळून पडला. उरला फक्त हातात बियर घेतलेला, डोळे मिटलेला, लालबुंद गालांचा माणूस. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी मांडवात तो फोटो फोनाफोनातून फिरत होता. पंचशील म्हणायला सगळे उभे राहिले. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना मागच्या रांगेतले आवाज थोडे ढिले पडले, असं प्रज्ञाने मला सांगितलं. नंतर एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सांगून टाकायचं होतं, बाई. दारूनं किती घरं बुडवली. लपवायचं काय त्यात?"

दोन दिवसांनी मला अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सुधीरचा बाप बोलतो. नागपूरहून." आवाज कोरडा, सावकाश. "पोरी, मले एकच सांग. माझा पोरगा पीत होता?"

"नाही, बाबा. कधीच नाही."

"मग ते?"

मी सगळं सांगितलं. जुन्या जाहिराती, बोकड, पोहे, सोफ्याचा हात, लाल मग.

"कोणता मग?"

"बाथरूममधला, बाबा. प्लॅस्टिकचा."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण मी आता कोणाकोणाच्या घरी जाऊन सांगू, की त्याच्या हातात बाथरूमचा मग होता?"

ज्या घरांत जाऊन त्यांनी माणसांना दारूतून उठवलं होतं, त्याच घरांविषयी ते बोलत होते.

मी मालकाकडे गेले. दुपार होती, हॉल रिकामा, भिंतीकडे पाठ करून बसले. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला खरंच वाईट वाटलं. मला न विचारता त्याने गरम पाणी मागवलं. पण चित्र फक्त भिंतीवरच नव्हतं. ते ग्लासाखालच्या चकत्यांवर होतं, मेन्यूवर होतं, वाढणाऱ्या मुलींच्या टीशर्टवर होतं. "टेक डाउन, कॅनॉट," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, मार्ग सापडल्यासारखा पुढे झुकला. "गिव्ह हिम बियर्ड. बिग बियर्ड. देन हू विल नो?"

दाढी लावा. मग कोण ओळखणार?

मी लावली. एका सकाळी ऑफिसात बसून मी त्या चेहऱ्यावर तपकिरी, कुरळी, जाडजूड दाढी काढली. जुन्या जाहिरातींतल्या दाढ्या मला पाठ होत्या. हात चांगला चालला, हे मला त्या वेळी फार विचित्र वाटलं. हनुवटी गेली तोवर ते होते. एक गाल झाकला तोवरही होते. दुसरा गाल झाकला आणि सुधीरभाऊ गेले. बोकडावर कुणीतरी जर्मन उरला. मी संगणक बंद केला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. बाहेर धूर होता, जिन्यातही होता.

नवऱ्याच्या वर्क पासाबरोबर प्रज्ञाचा इथे राहण्याचा पासही संपला होता. मुदतीत घर रिकामं करायला ती एकटीच परत आली. आम्ही दोघींनी भांडी वाटली, कपडे बांधले, मैत्रीची वह्या-पुस्तकं खोक्यात भरली. लाल मगाला आम्ही हात लावला नाही. तो तिथेच राहिला, पुढचे भाडेकरू त्याचं काय करायचं ते करोत. सगळं संपल्यावर ती म्हणाली, "अनघा, मला ते दाखव."

सकाळची वेळ होती, पोरी टेबलं पुसत होत्या. प्रज्ञा भिंतीसमोर उभी राहिली, चित्रावरून डोळे फिरवत.

"कुठे आहे?"

"हाच, प्रज्ञा."

ती पुढे गेली. खुर्ची ओढून तिच्यावर चढली आणि दोन्ही तळव्यांनी ती दाढी झाकली. तशी बराच वेळ उभी होती, चपला काढलेल्या, पाय खुर्चीवर नीट जुळवलेले. वाढणाऱ्या मुलींपैकी कुणीही तिला उतरा म्हटलं नाही. "डोळे राहिलेत," ती मागे न बघता म्हणाली. मग खाली उतरून, पदराने नाही, टेबलावरच्या कागदी रुमालाने खुर्ची पुसत म्हणाली, "बाबांसाठी एक काढून दे. दाढी नको. बोकड नको. आणि हातातलं काढून टाक."

मला पुष्कळदा वाटतं, जाहिरातीला काही माहीत नसतं. तिला एक गाल हवा असतो, एक उंचावलेला हात हवा असतो; त्या गालामागे कोण, त्या हाताने दिवसभर काय केलं, याच्याशी तिला कर्तव्य नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गुलाबी पोरांनाही आया असतील. युद्ध संपल्यावर एखादी गल्लीच्या तोंडाशी येऊन, भिंतीवरच्या विटक्या कागदापुढे उभी राहिली असेल. तिच्याबद्दल कुठे काही छापलेलं नाही.

डिसेंबरात मी पुण्याला गेले, तिथून नागपूरला. हातात चित्राची गुंडाळी. कंबरेवरचंच चित्र ठेवलं होतं, टोपीही काढली होती. हातातला मग पुसून टाकला होता, पण हात तसाच वर होता, बोटं मिटलेली. वळवून पाहिला, खाली आणून पाहिला. हात हलवला की हसू बिघडत होतं. म्हणून तो तसाच ठेवला.

वस्तीतलं दोन खोल्यांचं पक्कं घर. बाबा मला वाटले होते त्यापेक्षा बुटके, पांढराशुभ्र सदरा, कपाळावर जुन्या टाक्यांची खूण. सुधीरभाऊंच्या आई दाराशी पाटावर बसलेल्या. मी चित्र जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर प्रज्ञाने चार पुस्तकं ठेवली. बाबा उकिडवे बसले आणि पाहत राहिले.

"असा हसत होता तिथं?"

"हो, बाबा."

"इथं असताना नाही हसला असा. अभ्यासच करून राहिला." थोड्या वेळाने त्यांनी उंचावलेल्या मुठीकडे बोट केलं. "हे काय? मोर्च्यात आहे का हा?"

आई दारातूनच म्हणाल्या, "रिकामा हात बरा नाही दिसत माणसाचा. चहा द्या त्याच्या हातात. चहा लई प्यायचा."

मैत्रीची रंगपेटी होती. मी तिथेच जमिनीवर पालथी पडून त्या मुठीत कप काढायला बसले. साधा पांढरा कप, निळी किनार, वर थोडी वाफ. वजनदार मगासाठी वळलेली बोटं ती. नाजूक कपाला ती काही केल्या शोभेनात. जमेल तेवढं जमवलं आणि बाजूला झाले. सगळे वाकून पाहू लागले. मैत्री माझ्या खांद्यावर रेलली होती. त्या गल्लीत तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारं आता कुणी नव्हतं.

"Auntie, why Papa hold so tight? Only tea, what."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते?"

"कप फार घट्ट धरलाय म्हणते."

बाबा चित्राकडे बघत होते. "धरू दे," ते म्हणाले.